लिनक्सवरील डिस्प्ले मॅनेजर

डिस्प्ले मॅनेजर हा लिनक्स व तत्सम युनिक्सवर्गीय प्रणालींत चित्रात्मक लॉगइन स्क्रीन दाखवणारा, वापरकर्त्याची ओळख तपासून घेणारा आणि त्यानंतर त्याचे डेस्कटॉप सत्र सुरू करून देणारा प्रोग्राम होय. ही तीन कामे वेगवेगळी असल्यामुळे लॉगइन अडल्यास त्यांपैकी नेमके कोणते फसले, हे आधी पाहावे लागते. ते न पाहता डिस्क फॉरमॅट करून प्रणाली पुन्हा स्थापित केल्यास सुस्थितीतील फाइलीही नष्ट होतात.

एक्स विंडो प्रणालीसाठीचा एक्सडीएम (१९८८) हा या प्रकारातील आरंभीचा प्रोग्राम. पुढे ग्नोमसोबत जीडीएम, केडीई प्लाझ्मासोबत एसडीडीएम आणि हलक्या डेस्कटॉपांसोबत लाइटडीएम रूढ झाले.

लॉगइनमधील बिघाड

पासवर्ड नाकारला गेल्यास प्रथम कीबोर्डची मांडणी तपासावी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या डेबियनवर आधारित 'बॉस' लिनक्समध्ये, तसेच इतर बहुतेक वितरणांत, मराठी टंकलेखनाची सोय असते. इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली राहिली, तर रोमन पासवर्डाच्या जागी देवनागरी अक्षरे टंकली जातात. पण स्क्रीनवर केवळ ठिपके दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही.

पासवर्ड स्वीकारला जाऊनही काही क्षणांत तीच स्क्रीन परत येणे, यास लॉगइन लूप म्हणतात. येथे ओळख पटलेली असते. सत्र उभे राहत नाही. डिस्क पूर्ण भरल्याने सत्राला स्वतःच्या फाइली लिहिता न येणे, हे त्याचे एक कारण. एक्स सत्रात होम फोल्डरमधील 'डॉट एक्सऑथॉरिटी' या फाइलीची मालकी रूट वापरकर्त्याकडे गेल्यानेही असे घडते. चित्रात्मक प्रोग्राम 'सुडो'ने चालवल्यावर हा प्रकार संभवतो. मालकी मूळ वापरकर्त्यास परत दिली की लॉगइन पूर्ववत होते.

लॉगइन स्क्रीनच न दिसता काळा पडदा राहिल्यास संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा, विशेषतः कर्नल नुकताच अद्ययावत झाला असेल तर. बूट मेनूतून जुना कर्नल निवडून ही शंका पडताळता येते.

बहुतेक वितरणांत कंट्रोल, ऑल्ट व एफ३ एकत्र दाबल्यास मजकुरी कन्सोल उघडतो. तेथे लॉगइन झाले, तर खाते व पासवर्ड ठीक आहेत असे समजावे. मग 'डीएफ' आज्ञेने मोकळी जागा आणि 'जर्नलसीटीएल'ने नोंदी पाहाव्यात. साध्या कन्सोलवर देवनागरी नीट उमटत नाही. प्रणालीची भाषा मराठी असल्यास संदेशांऐवजी चौकोन दिसू शकतात. त्या सत्रापुरती 'लँग' या चलाची किंमत 'सी' केल्यास संदेश इंग्रजीत येतात. डिस्प्ले मॅनेजरची सेवा कन्सोलवरून पुन्हा सुरू करता येते, मात्र तसे केल्यास चालू चित्रात्मक सत्रे बंद पडतात व त्यांतील न जतन केलेले काम जाते.