तुटक्या ‘भ’ची कुळकथा

‘भंडारा’ हा शब्द मराठी टाइपरायटरवर उमटवायला सात ठोके लागतात. आधी अर्धा भ, मग काना, अनुस्वार, ड, काना, र, काना. पूर्ण भ ला कळच नाही. ख, घ, ण, थ, ध, श, ष यांचीही तीच गत: अर्धं अक्षर मारायचं आणि काना देऊन पुरं करायचं.

मुळात यंत्र घडलं रोमन लिपीसाठी. रेमिंग्टन कंपनीने शोल्स या संशोधकाचं यंत्र 1874 मध्ये अमेरिकेत बाजारात आणलं. ठोका कुठल्याही अक्षराचा असो, कागद धरणारी गाडी एकच दात सरकणार, म्हणून प्रत्येक अक्षराला जागा सारखी. त्यापायी बारीक ‘आय’ला आडवे पाय फुटले, ‘एम’ अंग चोरून बसला. हॉवर्ड केटलरने 1955 च्या सुमारास आयबीएमसाठी काढलेला कुरिअर हा टाइप याच घराण्यातला. इंग्रजी पटकथा आजही त्यातच लिहितात. अक्षरं सारख्या रुंदीची, म्हणून एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट.

देवनागरीची अडचण रुंदीपाशी थांबली नाही. शिफ्ट धरूनही नव्वदेक खुणाच मिळणार, आणि त्यांत बाराखडी, जोडाक्षरं, आकडे सगळं बसवायचं. म्हणून अक्षरं मोडली. वरखालच्या खुणांना ‘डेड की’ दिली: ठोका बसतो, गाडी हलत नाही. पहिली वेलांटी अक्षराआधी, रफार मागाहून. मोडतोड म्हणा, पण फार विचाराने केलेली.

ज्या नावाने सुरुवात केली, तो भंडारा जिल्हा 1956 मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. तिथला राजभाषा अधिनियम 1964 चा. मराठी ही कारभाराची भाषा झाली, तशी कचेऱ्यांना मराठी टाइपरायटरची गरज पडली. गोदरेजने 1955 मध्येच देशी टाइपरायटर काढला होता. 2011 पर्यंत ते उत्पादनही थांबलं. बोटांची सवय मात्र संगणकावर गेली. टाइपरायटरचीच कळरचना पाळणाऱ्या ‘कृतिदेव’ फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा: ‘भंडारा’च्या जागी एच, के, ए, एम, के, जे, के ही रोमन अक्षरं दिसतील. तेच सात ठोके, त्याच क्रमाने.

हल्ली पुस्तकांची मुखपृष्ठं, चित्रपटांची नावं, दुकानांची लेबलं यांवर जुन्या टाइपरायटरचा बाज हवा असतो. त्यासाठी साध्या देवनागरी फॉन्टवर शाईचे डाग टाकले जातात. मला ते पटत नाही. या टाइपाचा जीव डागात नाही, सांध्यात आहे. प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपला तुकडा घेऊन येतं. तो शेजारच्या तुकड्याशी केसभर वरखाली जुळतो. काना सुटा राहतो. हे सांधे जपून कुणी मराठी टाइप काढला, तर तो मथळ्याला, पावतीला, आकड्यांच्या तक्त्याला शोभेल. तक्त्यात तर रकाने आपोआप सरळ लागतील. कादंबरीची तीनशे पानं त्यात लावू नयेत, डोळे दुखतील.