मोटारसायकलस्वारांची चळवळ, ग्रेट ब्रिटनमधील
शिरस्त्राणसक्तीच्या विरोधातून ग्रेट ब्रिटनमध्ये उदयास आलेली चळवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकल हे तेथील कामगारवर्गाचे स्वस्त वाहन होते. १९५९ मध्ये ‘मिनी’सारख्या लहान मोटारी आल्यावर तिचे हे स्थान ढळले व ती मुख्यत्वे हौशी स्वारांचे साधन बनली. १ जून १९७३ पासून शिरस्त्राण सक्तीचे झाले. त्याच वर्षी ‘मोटारसायकल ॲक्शन ग्रुप’ ही संघटना स्थापन झाली. पगडीधारी शिखांना १९७६ च्या अधिनियमाने सूट मिळाली. स्वतःपुरता धोका पतकरणे हा व्यक्तीचा हक्क होय, असे विरोधकांचे प्रतिपादन. तर अपघाताचा भार अखेर समाजावरच पडतो, असे समर्थकांचे म्हणणे. सक्ती न मानल्याने वारंवार कारावास भोगणारे वृद्ध स्वार फ्रेड हिल १९८४ मध्ये पेंटनव्हिल तुरुंगात मरण पावले. कायदा मात्र टिकून राहिला. लंडनमध्ये २००३ साली बसविलेल्या गर्दी-आकारातून मोटारसायकली वगळण्यात आल्या. २०१९ च्या प्रदूषण-आकारातून मात्र जुन्या मोटारसायकली सुटल्या नाहीत. शासन या वाहनास गर्दीवरील उपाय मानते, की धोक्याचे व प्रदूषणाचे कारण, यावरच त्याचे भवितव्य अवलंबून आहे.