पत्र्याच्या डब्यातला खेळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यांतल्या दोनशेच्या आसपास अजून आमच्या माळ्यावर गोणीत बांधून ठेवलेल्या आहेत. प्रकाशक म्हणाले होते, "कविता खपत नाही हो, आणि त्यात तुमची तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, मी लिहितो मराठीत. तेव्हा माझा वाचक नेमका कोण, हे त्यांना उमगत नसावं. मलाही ते अजून नीट उमगलेलं नाही.

गेल्या ईदला भाचा आला होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. कशासाठी तरी माळ्यावर चढला आणि ती गोणी पाहून वरूनच म्हणाला, "मामू, तुमचं तर लोकीसारखं झालं!" लोकी कोण, म्हणून मी विचारलं. शिरखुर्म्याची वाटी संपेपर्यंत त्याने जे सांगितलं आणि पुढे दोन महिने मी जे शोधून वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो. हकीकत व्हिडिओ गेमच्या धंद्याची आहे. पण ज्याचं गिऱ्हाईक थोडं, अशा कुणालाही ती ओळखीची वाटेल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणकावरचा खेळ एकटा चालत नाही. चित्र काढ, आवाज कर, कोणतं बटण दाबलं ते सांग, अशी कामं तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगत असतो. विंडोजची ही बोली वेगळी, लिनक्सची वेगळी. मायक्रोसॉफ्टने 1995 साली खेळ लिहिणाऱ्यांसाठी 'डायरेक्ट-एक्स' नावाचा आयता शब्दसंग्रहच तयार करून दिला. तो वापरून लिहिलेला खेळ लिनक्सच्या पुढ्यात ठेवला, तर त्याला त्यातलं अक्षरही कळत नसे. लिनक्स 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलं. ते फुकट मिळे, जाणकारांना आवडे, इंटरनेटच्या मोठ्या यंत्रांवर फार चाले. घरच्या टेबलावर मात्र त्याला मानणारे मूठभरच. डेव्ह टेलर नावाच्या प्रोग्रामरने 1994 मध्ये 'डूम' हा गाजलेला खेळ लिनक्सवर आणला, तो फावल्या वेळात, हौसेपोटी. हौसेला हिशेबवही नसते. प्रश्न होता तो यातून कुणाचं पोट भरेल का, हा.

भरेल, असं स्कॉट ड्रेकर यांना वाटलं. हे गृहस्थ पेशाने वकील. 1998 साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या टस्टिन गावी 'लोकी सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली. लोकी हा उत्तर युरोपच्या जुन्या कथांमधला रूप पालटणारा देव. कंपनीचं कामही तेच: विंडोजवर गाजलेला खेळ घ्यायचा, मूळ मालकाकडून परवाना मिळवायचा आणि त्याचं लिनक्समध्ये रूपांतर करून विकायचा. पहिला खेळ, 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर', 1999 च्या मे महिन्यात आला. मग 'रेलरोड टायकून', 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक', 'सिमसिटी' असे एकामागून एक येत गेले. अडीच-तीन वर्षांत वीसच्या आसपास खेळांचं रूपांतर झालं. साहित्याच्या भाषेत बोलायचं तर ही एक अनुवाद-प्रकाशन संस्थाच होती, आणि जाणकारांच्या मते तिचे अनुवाद उत्तम होते.

मग बिनसलं कुठे? 'क्वेक थ्री अरीना' या खेळाची कथा ऐका. हा खेळ करणारी आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी लिनक्सवाल्यांना मान देणारी. 1999 च्या वसंतात तिने खेळाची चाचणी आवृत्ती आधी मॅकिंटॉश आणि लिनक्सला दिली, विंडोजला नंतर. वर्षअखेर खेळ बाजारात आला, तेव्हा लिनक्सची आवृत्ती लोकीने देखण्या पत्र्याच्या डब्यात घालून विकायला काढली. पण विंडोजचं खोकं दुकानात आधी पोचलं होतं. लिनक्सवर खेळ चालवणारी फाइल इंटरनेटवर फुकट मिळत होती. ती उतरवून घेतली की विंडोजच्या सीडीवरचाच खेळ लिनक्सवर चाले. मग पत्र्याच्या डब्यासाठी थांबणार कोण? लोकांनी हाताशी आलेलं खोकं घेतलं आणि खेळले लिनक्सवर. हिशेबात ती विक्री लागली विंडोजच्या नावावर. म्हणजे गिऱ्हाईक होतं, पैसे देत होतं, पण मोजलं जात होतं दुसऱ्याच्या खात्यात.

इतर खेळांची गत याहून वाईट. रूपांतर व्हायला महिने लागत. तोवर मूळ खेळ जुना होऊन सवलतीच्या टोपलीत पडलेला असे. लिनक्सवाल्यांपैकी बहुतेकांच्या यंत्रावर एका कोपऱ्यात विंडोजही असे. स्वस्त प्रत घेऊन ते कधीच खेळून मोकळे झालेले असत. लोकीला मात्र परवान्याचे पैसे, प्रोग्रामरांचे पगार, सीडी आणि खोकी यांचा खर्च करून पूर्ण किंमत लावावीच लागे. 2001 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, 2002 च्या जानेवारीअखेर दार बंद झालं.

भाचा म्हणाला, "लिनक्सवाल्यांना सगळं फुकट लागतं, मामू." हे मात्र मला पटलं नाही, आणि पुरावाही माझ्याच बाजूने निघाला. 2010 च्या मे महिन्यात काही लहान खेळकर्त्यांनी आपल्या खेळांचा एक गठ्ठा 'हम्बल इंडी बंडल' या नावाने इंटरनेटवर ठेवला आणि किंमत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडली. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींसाठी एकाच दिवशी. दहा लाख डॉलरहून अधिक जमले. त्यात सरासरीने सर्वांत जास्त दाम मोजला तो लिनक्सवाल्यांनी! खोकं नाही, दुकान नाही, उशीर नाही. लोकीला जे नडलं त्यातलं काहीच इथे नव्हतं.

लोकी गेली, पण तिची अवजारं उरली. तिथले मुख्य प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांनी 'एसडीएल' नावाची एक सामग्री रचली होती. चित्र, आवाज आणि बटणं यांची बोली एकदाच लिहायची, ती सगळीकडे समजते. ती सर्वांना खुली होती, त्यामुळे दिवाळखोरीत बुडाली नाही. पुढे 2012 मध्ये लँटिंगा 'व्हॉल्व्ह' कंपनीत गेले. 'स्टीम' हे इंटरनेटवरचं खेळांचं मोठं दुकान व्हॉल्व्हचंच. त्याच वर्षी विंडोजची आठवी आवृत्ती येत होती आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. ज्याच्या जागेत दुकान थाटलं तो मालकच शेजारी गाळा उघडतो म्हटल्यावर व्हॉल्व्हला लिनक्सची आठवण झाली. प्रेमापेक्षा धास्तीने झालेली ही सोयरीक. 2013 च्या फेब्रुवारीत लिनक्ससाठी स्टीम आलं. 2015 मध्ये लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशिन' नावाची यंत्रं आली आणि आपटली, कारण त्यांवर चालतील असे खेळच थोडे होते.

तेव्हा व्हॉल्व्हने वाट बदलली. खेळ करणाऱ्यांच्या विनवण्या करायच्याच नाहीत. 1993 पासून स्वयंसेवक 'वाइन' नावाचा एक दुभाष्या घडवत होते, जो विंडोजची बोली तिथल्या तिथे लिनक्सला समजावतो. कोडवीव्हर्स या कंपनीला बरोबर घेऊन व्हॉल्व्हने त्यावर 2018 च्या ऑगस्टमध्ये 'प्रोटॉन' उभारलं. चित्रांचा दुभाष्या, 'डीएक्सव्हीके', फिलिप रेबोले यांनी सुरू केला तो एकच आवडता खेळ लिनक्सवर खेळता यावा म्हणून! 2022 च्या फेब्रुवारीत हातात मावणारं 'स्टीम डेक' आलं. ते लिनक्सवर चालतं, आणि हजारो खेळ त्यावर चालू लागले. 2021 मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा एक टक्क्याच्या घरात होता. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रथमच तीन टक्क्यांपुढे गेला.

भाच्याच्या दृष्टीने गोष्ट इथे सुखान्त झाली. माझं मन मात्र अडलं. 2020 च्या मार्चमध्ये 'रॉकेट लीग' या खेळाने लिनक्स आणि मॅकच्या आवृत्त्या बंद केल्या. दोन्ही मिळून खेळणारे 0.3 टक्क्यांहून कमी, असं कारण दिलं. आता दुभाष्या आहेच, तर लिनक्ससाठी वेगळं लिहायचं कशाला, असं म्हणणारे खेळकर्ते वाढले आहेत. व्यवहार म्हणून ते चूक नाही. पण एखाद्या भाषेत जगातलं सगळं वाचायला मिळावं आणि त्या भाषेत लिहिणारं कुणी उरू नये, ही स्थिती मराठीत कविता लिहिणाऱ्याला सुखाची कशी वाटेल?

उलट बाजूचं एक उदाहरण मला फार आवडलं. 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' या लहानशा खेळाच्या कर्त्याने 2021 मध्ये आपला हिशेब उघड मांडला. सुमारे 12,000 प्रती खपल्या होत्या, त्यांतल्या 700 लिनक्सवर. खेळातल्या चुका कळवणारी पत्रं आली हजाराच्या वर, आणि त्यांतली 400 एकट्या लिनक्सवाल्यांची. पाहणाऱ्याला वाटेल, केवढी ही डोकेदुखी! पण त्या 400 मधल्या फक्त 3 चुका लिनक्सपुरत्या होत्या. बाकीच्या सगळ्यांच्याच यंत्रांवर होत्या. इतर गिऱ्हाईक गप्प बसलं होतं आणि हे सातशे जण बारकाईने, पुराव्यासकट लिहून कळवत होते.

माझ्या त्या संग्रहावर एकूण अकरा पत्रं आली होती. त्यांतल्या सातांत छपाईच्या चुका दाखवल्या होत्या, पृष्ठ आणि ओळ यांसकट. ती मी जपून ठेवली आहेत. प्रकाशकांना दाखवायची तेवढी राहून गेली.