जन्मकालीन श्वासावरोध : मज्जाविकासाचे मूल्यमापन

प्रसूतीच्या वेळी प्राणवायू अपुरा पडलेल्या अर्भकाच्या मेंदूच्या कार्याची व विकासाची टप्प्याटप्प्याने केली जाणारी तपासणी. जन्मतः दिलेले ॲपगार गुण तत्कालीन स्थिती दर्शवितात. केवळ त्यांवरून भविष्य वर्तविता येत नाही. पहिल्या काही दिवसांतील मेंदूविकाराची तीव्रता सार्नाट वर्गीकरणाच्या (१९७६) तीन श्रेणींत मांडतात.

पुढे ३ ते ५ महिन्यांच्या वयात बाळाच्या उत्स्फूर्त, बारीक हालचाली पाहतात. त्यांचा अभाव हे मेंदूजन्य पक्षाघाताचे (सेरेब्रल पाल्सी) महत्त्वाचे पूर्वचिन्ह होय. २ ते २४ महिन्यांसाठीच्या हॅमरस्मिथ मज्जासंस्था-तपासणीत २६ बाबींना कमाल ७८ गुण असतात. डोक्याचा घेर, दृष्टी व श्रवण यांचीही नोंद ठेवतात. भारतीय बालकांसाठी प्रमिला फाटक यांनी प्रमाणित केलेल्या विकासमापन श्रेणीत ६७ कारक व १६३ मानसिक घटक असून ती ३० महिन्यांपर्यंत वापरता येते. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय अपेक्षित प्रसूतितारखेपासून मोजतात.

एकाच तपासणीवर निष्कर्ष काढत नाहीत. पाठपुरावा शालेय वयापर्यंत चालावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी कमी वजनाच्या नवजातांचा असा दीर्घ अभ्यास केला. अशा बालकांचा शोध घेणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झाला. त्याच्या रचनेनुसार कुर्डुवाडीसारख्या (ता. माढा, जि. सोलापूर) गावातील विकासात विलंबाचा संशय असलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात.