पोटखराब जमिनीचा हिशेब

मंडळी, घरातला सातबारा जरा डोळ्यांपुढे आणा. लागवडीच्या क्षेत्राशेजारी त्यावर एक शब्द असतो : पोटखराब. खडक, ओघळ, नाला अशी, नांगर न चालणारी जमीन. तिच्यावर सारा बसत नाही, म्हणून ती खराब! निकाल नावातच लागून गेला. आज आपण या शब्दामागचा हिशेब थोडा उलगडून पाहू.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. नळदुर्गला मेडोज टेलर हा अंमलदार म्हणून आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे ज्याचे नाव झाले, तोच हा. त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. १८६० साली मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे १९४८ साली निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, पण दफ्तराची नजर तीच राहिली. जमिनीची किंमत म्हणजे पिकाची किंमत. माळ, गायरान, डोंगर यांच्यापुढे आकडा पडला नाही.

आता असं पाहा, माळ काहीच देत नव्हता का? शेरडामेंढरांचा चारा तिथला, चुलीचे सरपण तिथले, पत्रावळीची पाने आणि मधही तिथलाच. हे सारे बाजारात न जाता घरात जाई, म्हणून वहीत उतरले नाही. दुसरे देणे तर डोळ्यांना दिसतही नाही. आपला बालाघाट एका अंगाने मांजरा-तेरणेला पाणी देतो, तर दुसऱ्या अंगाने सीनेला. उतारावर गवत-झाडी असली की पाणी जिरते आणि माती जागेवर राहते. ती गेली की तीच माती तलावात गाळ होऊन बसते. मग गाळ काढायला पैसे मोजावे लागतात. ते पैसे म्हणजेच त्या गवताची किंमत, नाही का? अर्थशास्त्री किंमत काढतात, ती याच रीतीने.

दुसरी एक रीत हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन पंडिताने १९४७ साली सुचवली. राष्ट्रीय उद्यानाला बाजारभाव नसतो, पण तिथवर यायला माणूस किती खर्च करतो, हे तर मोजता येते. आपल्या भाषेत सांगायचे, तर श्रावणात रामलिंगला जाणारा माणूस एस.टी.चे भाडे देतो, दिवसाची मजुरी बुडवतो. त्यात देवदर्शनाचा वाटा आहे, तसा त्या घाटातल्या झाडीचा आणि झऱ्याचाही आहे.

आपल्या देशातही असे हिशेब झाले. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ साली सहा व्याघ्र प्रकल्पांची किंमत काढली. एकेका प्रकल्पाचे वर्षाचे देणे सुमारे ८३० कोटींपासून १,७६० कोटी रुपयांपर्यंत भरले. त्याआधी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन दुसऱ्या कामाला घेणाऱ्याकडून हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये घ्यावेत, असे ठरवले. अभयारण्यातली जमीन अगदी अटळ कारणासाठीच द्यायची, आणि तिचा दर पाचपट.

आपले येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र २२.३८ चौरस किलोमीटर, म्हणजे २,२३८ हेक्टर. सारे क्षेत्र धरून, सर्वांत कमी दर लावून पाचपट केली, तर आकडा येतो सुमारे ४९० कोटी रुपये. ज्या डोंगराला दफ्तरात मोल नव्हते, त्याचा हा आकडा! २०२२ मध्ये हे दर आणखी वाढले.

पण श्रोतेहो, हिशेबाला दोन पाने असतात. डिसेंबर २०२४ मध्ये याच अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून तो इथवर आला. साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला, पण जनावरे गेली ती काही थोड्या शेतकऱ्यांची. २०२२ साली सरकारने ठरवलेली भरपाई गाय, बैल, म्हशीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांत जी कमी असेल ती. उरलेला तोटा, बुडालेले दूध आणि रात्रीची राखण कोणाच्या खात्यावर टाकायची? रानाचा लाभ साऱ्यांना आणि झळ मात्र बांधावरच्याला, असे चालले तर रान टिकणार नाही. ४९० कोटींचा आकडा खरा मानायचा, तर त्या माणसाचे देणे आधी पुरे फेडले पाहिजे.

काही गोष्टी मात्र पैशाने परत येत नाहीत. शेजारी नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तिथे तो पक्षी क्वचितच दिसतो. आता कितीही पैसा ओतला, तरी तो माळ पूर्वीसारखा भरेल असे नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना गावाच्या गायरानाची वही करायला सांगा. चारा किती, सरपण किती, पाणी कुठे जिरते, पाखरे कोणती, नुकसान कोणाचे झाले, हे सारे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहू द्या. जमा आणि खर्च, दोन्ही. दफ्तराने जे पान दीडशे वर्षे कोरे ठेवले, ते मुले भरतील.