आजोबांची जुनी सायकल घरीच कशी रंगवाल? सुरुवात रंगापासून करू नका!

वाशिम, रिसोड, कारंजा... कुठल्याही गावात गोठ्याच्या कोपऱ्यात एखादी काळी, २८ इंची अ‍ॅटलस किंवा हर्क्युलिस सापडतेच. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० रोजी, ऐन जागतिक सायकल दिनी बंद झाला. अशी सायकल घरी पुन्हा चालती करता येते. कशी, ते पाहू.

आधी फ्रेम तपासा
वरवरचा गंज चालतो. पण जोडाजवळ किंवा फोर्कला केसासारखी चीर दिसली, दाभण टोचल्यावर नळीला भोक पडलं, तर सायकल चालवू नका. रंगाने चीर झाकली जाते, भरून येत नाही.

खोलताना
प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. क्रँकची कॉटर पिन ठोकण्याआधी क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या.

जुना रंग कोरडा घासू नका
घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. सायकलीचा रंग त्याहून कितीतरी जुना असतो, त्यामुळे त्यात शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. म्हणून वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. रंग जाळून काढू नका. घासलेलं पाणी विहिरीजवळ किंवा परसबागेत ओतू नका.

रंग देताना
ओलं लोखंड लगेच गंजतं. त्यामुळे फ्रेम पुसून पूर्ण वाळवा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढा. मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर इनॅमलचे दोन-तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो. आटे, पितळी बिल्ला आणि फ्रेम नंबर टेपने झाका. नंबर ही मालकीची खूण आहे.

कधी कराल?
पावसाळ्यात रंग नीट वाळत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी तो इतक्या लवकर सुकतो की पृष्ठभाग खरखरीत होतो. दिवाळीनंतरची सकाळ आणि सावलीची, मोकळ्या हवेची जागा उत्तम.

जोडताना छर्ऱ्यांना नवं ग्रीस, ब्रेकला नवे रबर लावा. चाकांचा आऊट मात्र सायकलवाल्याकडूनच काढून घ्या. पहिली फेरी घराजवळच मारा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा आणि मगच रस्त्यावर निघा.