बीज कोणाचे, अपत्य कोणाचे?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये एका मातेला तिच्या पाच वर्षांच्या जुळ्या मुलींना भेटण्याची मुभा दिली. सरोगसीद्वारे जन्मलेल्या या मुलींसाठी स्त्रीबीज दिले होते ते मातेच्या धाकट्या बहिणीने. पुढे पती-पत्नीत बेबनाव झाला. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि मेहुणीही त्याच घरी राहू लागली. मुलींची जैविक माता मेहुणी असल्याने पत्नीचा त्यांच्यावर हक्कच नाही, असा पतीचा युक्तिवाद होता. न्या. मिलिंद जाधव यांनी तो फेटाळला. बीज देणारी स्त्री फार तर जनुकीय माता ठरेल, मात्र तेवढ्याने तिला मातृत्वाचा कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

सरोगसीचा करार २०१८ चा, म्हणजे कायदा होण्यापूर्वीचा होता. त्यामुळे न्यायालयाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला. त्यानंतर संसदेने केलेला प्रजननसाह्य तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३१ नुसार असे अपत्य उपचार घेणाऱ्या दाम्पत्याचेच जैविक अपत्य मानले जाते. त्याचे सर्व हक्क त्याच दाम्पत्याकडून येतात आणि दात्याला पालकत्वाच्या हक्कांवर पाणी सोडावे लागते. वीर्यदाता २१ ते ५५, तर स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते. एका दात्याचे बीज एकाहून अधिक दाम्पत्यांना देण्यासही मनाई आहे.

ही भूमिका आपल्याकडे अगदीच नवी नाही. नियोगातून जन्मलेल्या ‘क्षेत्रज’ पुत्राला धर्मशास्त्राने पतीच्याच कुळात स्थान दिले होते. इंग्रजी अमदानीतील १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ (आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ११६) हेही वैध विवाहकाळात जन्मलेले मूल औरसच मानते. पती-पत्नीचा त्या काळात संबंध येणेच शक्य नव्हते, हे सिद्ध झाले तरच त्याला अपवाद होतो. मुलाला अनौरसतेच्या शिक्क्यापासून वाचविणे, हा त्यामागील हेतू होता.

मात्र, आपले पालक कोण आणि आपण कोणाच्या बीजाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भारतीय कायद्याने पहिल्याचे उत्तर दिले आणि दुसरा जवळपास सोडूनच दिला. २००५ च्या सूचनांत निदान एक तरतूद होती. अठरा वर्षांच्या झालेल्या अपत्याला दात्याचे नाव-पत्ता वगळून अन्य माहिती मागता येत असे. २०२१ च्या कायद्यात अपत्याचा असा हक्क स्पष्ट शब्दांत आढळत नाही. वास्तविक बीजपेढीला दात्याचा आधार क्रमांकही नोंदवावा लागतो आणि दहा वर्षांनी या नोंदी राष्ट्रीय नोंदणीकडे जातात. म्हणजे माहिती जपली जाते, पण ती उघड करण्याची वाट दाम्पत्याने मागितलेली वैद्यकीय निकड किंवा न्यायालयाचा आदेश, एवढीच आहे.

ब्रिटनने हे दोन प्रश्न वेगळे केले. त्यासाठी जोआना रोझ यांच्या खटल्याचा उल्लेख करावा लागतो. १९७२ मध्ये अज्ञात दात्याच्या वीर्यापासून त्यांची गर्भधारणा झाली होती. दात्याविषयीच्या माहितीसाठी त्यांनी व दुसऱ्या एका बालिकेने सरकारविरुद्ध दाद मागितली. आपले मूळ जाणून घेणे हा खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी निगडित प्रश्न आहे, असे लंडनच्या उच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केले. पुढे १ एप्रिल २००५ पासून नव्या दात्यांची अनामिकता संपुष्टात आली. त्यांच्या बीजापासून जन्मलेल्यांना अठराव्या वर्षी दात्याचे नाव कळू शकते. अशी पहिली मुले २०२३ च्या अखेरीस सज्ञान होऊ लागली. परवानाधारक केंद्रातील दात्यावर पोटगीची जबाबदारी येत नाही, की त्याच्या मालमत्तेत मुलाला वाटा मिळत नाही. नाव कळले म्हणून नाते जडत नाही, असा हा सरळ हिशेब आहे. रोझ यांनी स्वतः पुढे याच विषयावर डॉक्टरेटचे संशोधन केले.

आपल्याकडील विधी शाखेच्या संशोधकाला असा विषय घेणे तितके सोपे नाही. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली असून, पैशाची चिंता त्यामुळे काहीशी मिटते. पण कौटुंबिक न्यायालयात एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, केंद्रांच्या नोंदी गोपनीय असतात आणि ज्या मुलांविषयी हा अभ्यास करायचा, त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या जन्माची हकिकत घरात सांगितली गेली असेल, हाही प्रश्नच आहे. २०२१ च्या कायद्याखाली जन्मलेले पहिले मूल अठरा वर्षांचे होण्यास २०४० साल उजाडेल. तोवर संशोधकाच्या हाती मुख्यत्वे निकालपत्रेच राहतात, आणि त्यांतही मुंबईतील प्रकरणासारखी, म्हणजे दाता घरातलाच निघाला व भांडण चव्हाट्यावर आले, अशीच अधिक असणार.